चाळीस दिवसांचे व्रत : कॅथलिक उपवासकाळ आणि मांसवर्जनाची परंपरा

फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी एखाद्या बुधवारी वसई-विरारकडून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये काही प्रवाशांच्या कपाळावर राखेचा छोटा क्रूस दिसतो. वांद्रे, माहीम, गिरगाव येथील चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांच्या कपाळावरही तीच खूण असते. हा 'राखेचा बुधवार' होय. या दिवसापासून कॅथलिक पंथीयांच्या उपवासकाळाला प्रारंभ होतो आणि त्याची सांगता ईस्टरला, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाला होते. इंग्रजीत या काळाला 'लेंट' म्हणतात. मराठी कॅथलिक त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात, तर कोकणीत पोर्तुगीज 'क्वारेज्मा'वरून आलेला 'करेज्म' हा शब्द रूढ आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'चाळिसावा' असा आहे.

श्रावण पाळणाऱ्या मराठी वाचकाला व्रत म्हणून काही आठवडे सामिष आहार सोडण्याची कल्पना नवी नाही. तथापि मासळी चालते पण मटण चालत नाही, उपवास दोनच दिवस पण व्रत चाळीस दिवस, हे गणित बाहेरच्या माणसाला सहसा उलगडत नाही. त्यामागे सुमारे अठरा शतकांचा इतिहास आहे. त्यात धर्मशास्त्र आहे, अर्थकारण आहे आणि माणसाने नियमातून शोधलेल्या पळवाटाही आहेत.

चाळीस कसे मोजायचे?

बायबलमध्ये चाळीस हा आकडा परीक्षेचा आणि तयारीचा आहे. मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला, एलिया संदेष्टा चाळीस दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला, निनवे नगरीला पश्चात्तापासाठी चाळीस दिवसांची मुदत मिळाली. येशूने आपल्या कार्याला आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपास केला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. उपवासकाळ हे त्याचेच अनुकरण होय.

मात्र आरंभीच्या ख्रिस्ती समाजात हा काळ इतका मोठा नव्हता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस संत आयरेनियस यांनी लिहिलेल्या एका पत्रावरून असे दिसते, की ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, तर कोणी सलग चाळीस तास उपास करीत. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या नियमांत मात्र चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. चौथ्या शतकात ही प्रथा सर्वत्र पसरली.

रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपास करायचा नाही, हा दंडक जुना आहे. त्यामुळे सहा आठवड्यांतून रविवार वगळले, की छत्तीसच दिवस उरत. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी या छत्तीस दिवसांना वर्षाचा दशांश म्हटले होते. चाळीस पूर्ण करण्यासाठी पुढे चार दिवस आधी जोडण्यात आले आणि आरंभ बुधवारी येऊन ठेपला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत एकूण सेहेचाळीस दिवस होतात. त्यातून सहा रविवार वजा केले, की चाळीस उरतात. उपासनाविधीच्या दृष्टीने मात्र हा काळ पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी संपतो.

ईस्टर चंद्राच्या गतीवर अवलंबून असल्याने राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येतो. २०१८ आणि २०२४ मध्ये तो १४ फेब्रुवारीला, नेमका व्हॅलेंटाइन दिनी आला होता. त्या वेळी प्रेमिकांनी मेजवानी आदल्या दिवशीच उरकून घ्यावी, असे अनेक बिशपांनी सुचवले होते.

राख येते ती मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून. माणूस मातीचा आहे आणि मातीतच मिळणार आहे, याचे ते स्मरण असते. पूर्वी ही राख जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांपुरती होती. ती सर्वांना लावावी, असे १०९१ मध्ये बेनेव्हेंतो येथील धर्मसभेत पोप अर्बन दुसरे यांच्या काळात ठरले.

उपवास वेगळा, मांसवर्जन वेगळे

कॅथलिक नियमांत 'उपवास' आणि 'मांसवर्जन' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उपवास म्हणजे किती खायचे याचे बंधन आणि मांसवर्जन म्हणजे काय खायचे याचे बंधन. आपल्याकडील 'एकभुक्त' व्रताशी यातील पहिल्या कल्पनेचे बरेच साम्य आहे. दिवसातून एकच पूर्ण जेवण घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ स्थानिक रीतीप्रमाणे थोडे काही घेतले तरी चालते.

आज लागू असलेला नियम १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. त्याचे सार असे :

- राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास आणि मांसवर्जन दोन्ही पाळावयाचे असते.
- वर्षातील प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस होय. त्या दिवशी मांस किंवा त्या देशाच्या बिशप परिषदेने ठरवलेला अन्य पदार्थ वर्ज्य असतो. शुक्रवारी मोठा सण आल्यास हे बंधन राहत नाही.
- मांसवर्जन चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू आहे. उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंत बंधनकारक आहे.
- बिशप परिषद मांसवर्जनाऐवजी प्रार्थना, दानधर्म किंवा अन्य त्याग सुचवू शकते.

आजारी माणसे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता, कष्टाचे काम करणारे मजूर यांना सक्ती नसते. अंडी, दूध, लोणी, प्राणिजन्य चरबीत केलेली फोडणी यांना आता मनाई नाही. कम्युनियन घेण्यापूर्वी एक तास काही न खाण्याचा जो नियम आहे, तो मात्र निराळा. तो वर्षभराचा असून त्याची एक तासाची मर्यादा १९६४ मध्ये ठरली.

मासळी का चालते?

हा प्रश्न बिगरख्रिस्ती मित्र हमखास विचारतात. उत्तर भाषेतही आहे आणि जुन्या आहारविचारातही आहे. नियमातील लॅटिन शब्द 'कारो' हा प्राधान्याने जमिनीवरील प्राणी आणि पक्षी यांच्या मांसासाठी वापरला जाई. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचे विवेचन केले आहे. त्यांच्या मते उपवासाचा हेतू वासनांना आवर घालणे हा आहे. जमिनीवर राहणाऱ्या, श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे मांस अधिक रुचकर आणि अधिक पौष्टिक असल्याने ते वासना चाळवते. अंडी आणि दूध हे याच प्राण्यांपासून येत असल्याने तेही टाळावे. सात्त्विक आणि तामसी आहाराची विभागणी ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला हा युक्तिवाद परका वाटू नये.

दुसरे कारण सामाजिक होते. मध्ययुगीन युरोपात मांस हे मेजवानीचे, सणाचे आणि श्रीमंतीचे अन्न होते. ते सोडणे म्हणजे सण सोडणे. मध्ययुगात तर आरंभी सूर्यास्तापर्यंत काहीच खाल्ले जात नसे. जेवणाची वेळ हळूहळू दुपारी तीनवर आणि चौदाव्या शतकापर्यंत मध्यान्हीवर आली. मग रात्री भूक लागू लागली, तेव्हा अल्पोपाहाराला मान्यता मिळाली. मठांमध्ये संध्याकाळी संत कॅसियन यांच्या 'कोलाचिओनेस' या ग्रंथाचे वाचन होई. त्यावरून या अल्पोपाहारालाच 'कोलेशन' असे नाव पडले.

लोण्याचा मनोरा

नियम रोममध्ये झाला, पण तो पाळायचा होता संपूर्ण युरोपला. इटली आणि स्पेनमध्ये ऑलिव्हचे तेल मुबलक होते, त्यामुळे लोणी सोडणे तिथे फारसे जड नव्हते. उत्तरेकडे ऑलिव्ह पिकत नाही. तिथे लोणी सोडायचे म्हणजे महागडे, बाहेरून आलेले तेल विकत घ्यायचे. त्यातून सवलतपत्रांची प्रथा आली. दान दिले, की लोणी खाण्याची परवानगी मिळे. फ्रान्समधील रुआँ शहराच्या कॅथीड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले त्याचे बांधकाम अशाच देणग्यांतून झाले, असे सांगितले जाते. १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी सॅक्सनीला दिलेली लोण्याची परवानगी 'लोण्याचे पत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. ड्रेस्डेनच्या नाताळच्या 'श्टोलेन' केकचा इतिहास तिच्याशी जोडला जातो. स्पेन-पोर्तुगालमध्ये धर्मयुद्धाच्या नावाने काढलेल्या फर्मानांद्वारे अशा सवलती मिळत.

मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये या व्यवहारावर कडक टीका केली. दोनच वर्षांनी, १५२२ च्या उपवासकाळात झुरिचमध्ये मुद्रक क्रिस्टॉफ फ्रोशाउअर यांच्या घरी काही मंडळींनी जाणूनबुजून सॉसेज खाल्ले. धर्मगुरू उलरिख झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः ते खाल्ले नाही, पण पुढे प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेचा आरंभ या सॉसेजपासून मानतात. प्रोटेस्टंट पंथांत मांसवर्जनाची सक्ती नसते, त्याचे मूळ या वादात आहे.

गंमत अशी, की रोमपासून फारकत घेतलेल्या इंग्लंडने मासळीचे दिवस मात्र टिकवले. १५६३ मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मासळीचा दिवस ठरला. उद्देश उघड होता. कोळी समाज टिकावा, जहाजे आणि खलाशी तयार राहावेत. हा उपास आत्म्याच्या कल्याणासाठी आहे, असे सांगणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्याच कायद्यात होती.

एकादशी आणि दुप्पट खाशी

नियम आला, की पळवाटही येते. मासळीची व्याख्या ताणण्याची हौस फार जुनी आहे. आयर्लंडमधील काही धर्मगुरू 'बार्नाकल गूज' हा हंस पक्षी उपासाला निःशंकपणे खातात, अशी तक्रार बाराव्या शतकात वेल्सच्या गेराल्ड यांनी नोंदवली आहे. हा पक्षी समुद्रात वाहणाऱ्या ओंडक्यांवर उपजतो, अशी तेव्हा समजूत होती. व्हेनेझुएलात कॅपिबारा हा पाण्यात रमणारा मोठा कृंतक प्राणी उपवासकाळात आवडीने खाल्ला जातो. २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी एका भाविकाच्या विचारणेला उत्तर देताना मगरजातीय ॲलिगेटर मासळीत मोडतो, असे कळवले होते.

उपवासकाळाच्या आदल्या दिवसांतील जल्लोष हाही त्याच मनोवृत्तीचा आविष्कार होय. घरातील अंडी, दूध, लोणी संपवण्यासाठी इंग्लंडमध्ये आदल्या मंगळवारी पॅनकेक करतात. 'कार्निव्हल' या शब्दाचे मूळ मांस दूर सारणे या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. गोव्यातील कार्निव्हल, ज्याला कोकणीत 'इंत्रूज' म्हणतात, राखेच्या बुधवारच्या आधीचे चार दिवस चालतो आणि 'किंग मोमो'च्या आगमनाने त्याची सुरुवात होते. श्रावणाच्या तोंडावर येणारी आपली 'गटारी' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मर्म वेगळे सांगायला नको.

या बंधनातून खाद्यपदार्थही जन्माला आले. माल्टात अंडी आणि लोणी न घालता बदामाचा 'क्वारेझिमाल' करतात. पोर्तुगालमध्ये खारवलेला कॉड मासा उपवासकाळाचा मुख्य आधार राहिला. जपानच्या 'टेंपुरा'चे नाव पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या उपासाच्या दिवसांवरून पडले, अशी एक प्रचलित व्युत्पत्ती आहे. मॅकडोनाल्डचा माशाचा बर्गरही याच परंपरेचे अपत्य. सिनसिनाटीतील कॅथलिक वस्तीत दुकान चालवणाऱ्या लू ग्रोएन यांचा धंदा शुक्रवारी बसत असे. त्यांनी माशाचा बर्गर सुचवला, तर कंपनीचे रे क्रॉक यांनी अननसाच्या चकतीचा 'हुला बर्गर' पुढे केला. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विक्रीस ठेवले गेले. अननसाचे सहा खपले आणि माशाचे साडेतीनशे!

१९६६ चा बदल

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार रविवार सोडून उपवासकाळाचा प्रत्येक दिवस उपवासाचा होता आणि मांसवर्जनाचे बंधन सात वर्षांच्या मुलांपासून लागू होते. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी 'पेनितेमिनी' हा आदेश काढून ही चौकट बदलली. सक्तीचे उपवास दोन दिवसांवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांसवर्जनाऐवजी अन्य प्रायश्चित्त करण्याची मुभा दिली. त्याचा परिणाम बाजारातही दिसला. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक बेल यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात न्यू इंग्लंडमधील मासळीचे भाव सरासरी साडेबारा टक्क्यांनी उतरल्याचे दाखवले.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी १९८५ मध्ये दिलेली अशीच मुभा सप्टेंबर २०११ मध्ये मागे घेतली आणि शुक्रवारचे मांसवर्जन पुन्हा सुरू केले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये या निर्णयाचा अभ्यास केला. सुमारे २८ टक्के कॅथलिकांनीच आपला शुक्रवारचा आहार बदलला होता, तरीही त्यामुळे वर्षाला ५५ हजार टनांहून अधिक कार्बन उत्सर्जन टळले, असा त्यांचा अंदाज आहे.

मात्र १९६६ च्या आदेशाचे खरे महत्त्व सवलतीत नाही. जिथे समृद्धी आहे, तिथे त्यागाची साक्ष अधिक दिली पाहिजे आणि गरीब देशांतील बांधवांशी नाते जोडले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. जिथे जगणेच कठीण आहे, तिथल्या माणसाने न्यायासाठीचे प्रयत्न न सोडता आपले कष्ट प्रार्थनेत अर्पण करावेत. ज्याच्या ताटात मांस क्वचितच येते, त्याला मांस सोडायला सांगून काय साधणार, हा प्रश्न रोमलाही पडला होता, असाच याचा अर्थ होतो.

भारतातील रीती

भारतात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. केरळमधील सिरो-मलबार कॅथलिकांची परंपरा युरोपहून निराळी आहे. त्यांचा 'वलिय नोम्ब' अर्थात मोठा उपवास बुधवारी नव्हे, तर सोमवारी सुरू होतो आणि तो पन्नास दिवसांचा मानला जातो. जुन्या वळणाच्या घरांत या काळात मांसाबरोबर मासळी, अंडी आणि दूधही वर्ज्य असते. पवित्र गुरुवारी घराघरांत कुटुंबप्रमुख बेखमीर 'पेसहा अप्पम' मोडून सर्वांना वाटतो.

पश्चिम किनाऱ्यावरील रीती पोर्तुगीज काळात रुजल्या. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, तर गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. या पट्ट्यात उपवासकाळात लग्नकार्ये टाळली जातात, अनेक घरांत मद्य बंद होते, चर्चमध्ये वेदीवर फुलांची सजावट नसते. दर शुक्रवारी चौदा स्थानांची 'क्रुसाची वाट' केली जाते. गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि ती पाहायला अन्य धर्मीयही गर्दी करतात. गुड फ्रायडेला पेज आणि लोणचे एवढ्यावर दिवस काढणारी कोकणी घरे आहेत.

वसईच्या किनाऱ्यावरील कोळी ख्रिस्ती कुटुंबाचा विचार केला, तर नियमातील विसंगती सहज ध्यानात येते. मासळी हेच ज्यांचे रोजचे अन्न आणि उपजीविका, त्यांना शुक्रवारी मासळी खायला परवानगी देण्यात त्याग कसला? आणि मटणापेक्षा पापलेट महाग असलेल्या मुंबईत, मांसाऐवजी पापलेट खाणाऱ्याने नेमके काय सोडले? म्हणूनच येथील अनेक भाविक नियमाच्या पुढे जातात. कोणी चाळीस दिवस मासळीही सोडतो, कोणी दारू किंवा सिगारेट, कोणी चहा. अलीकडे मोबाइल आणि समाजमाध्यमांचा उपास करणारी तरुण मंडळीही भेटतात.

ताटातून वाचलेले कोठे जाते?

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात उपास करताना चेहरा उदास करून लोकांना दाखवू नका, असा उपदेश आहे. कपाळावर राख लावण्याच्या दिवशीच हे वाचले जावे, हा विरोधाभास धर्मगुरू आपल्या प्रवचनात आवर्जून उलगडतात. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे मानली आहेत. यातील एक जरी गळाले, तरी उरलेली दोन लंगडी पडतात. पाचव्या शतकात पोप लिओ पहिले यांनी आपल्या प्रवचनांतून वारंवार सांगितले, की उपासामुळे वाचलेले अन्न गरिबाच्या मुखी गेले पाहिजे. संदेष्टा यशया याने तर त्याही आधी अनेक शतके, भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा न देणारा उपास देवाला नको आहे, असे बजावले होते.

ही जाणीव आधुनिक काळात संस्थांच्या रूपाने प्रकट झाली. जर्मनीतील बिशपांनी १९५८ मध्ये भूक आणि रोग यांच्याविरुद्ध उपवासकाळात निधी जमवण्यासाठी 'मिझेरिओर' ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत १९७५ पासून घरोघरी कागदी 'राइस बोल' ठेवण्याची प्रथा पडली. साध्या जेवणामुळे वाचलेले पैसे त्यात टाकायचे. भारतात 'कारितास इंडिया' ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोगांविरुद्ध मोहीम चालवते आणि धर्मग्रामांतून त्यासाठी दान गोळा होते.

युरोपातील लोण्याच्या सवलतपत्रांत पैसा उपास टाळण्यासाठी दिला जात होता. राइस बोलमध्ये तो उपास केल्यामुळे येतो. सुमारे पाचशे वर्षांत या परंपरेने कापलेले अंतर एवढ्या एका फरकात मोजता येते. शुक्रवारी ताटात मटण आहे की मासळी, हे शेजाऱ्याला दिसते. त्या ताटातून वाचलेला घास कोणाच्या मुखी पडला, हे बहुधा दिसत नाही. उपवासकाळाचा हिशेब मात्र त्यावरच मांडला जातो.